रजिस्टरातला गुन्हेगार

अमेरिकेतल्या एका शाळेत आठ मुलांचं टोळकं होतं. सगळी खाऊनपिऊन सुखी घरांतली, आईबापांना गावात मान, शाळेत मार्कही बरे. ही मुलं काहीतरी थाप मारून रोज वर्गातून सटकत, दारू पीत, त्याच अवस्थेत बेफाम गाड्या हाकत, ओसाड घरांची मोडतोड करत. रस्ता खणून ठेवलेल्या ठिकाणचे इशाऱ्याचे कंदील रात्री काढून घ्यायचे आणि आडोशाला बसून कुणाची गाडी खड्ड्यात आदळते ते बघायचं, हाही त्यांचा एक खेळ होता. त्याच शाळेत सहा मुलांचं दुसरं टोळकं होतं. ही गरिबाघरची. कपडे साधे, बोलणं तुसडं. हातात पैसा नाही, गाडी नाही. ती गावातल्या भर चौकात उभी राहत, किरकोळ चोऱ्या करत आणि मारामाऱ्यांत पडत.

विल्यम चॅम्ब्लिस हा समाजशास्त्रज्ञ दोन वर्षं या दोन्ही टोळक्यांत वावरला. 1973 मध्ये त्याने आपली निरीक्षणं प्रसिद्ध केली. पहिल्या टोळक्याला त्याने ‘संत’ म्हटलं, दुसऱ्याला ‘दांडगे’. दोन वर्षांत संतांपैकी एकालाही अटक झाली नाही. दांडग्यांना मात्र पोलिसांनी वारंवार पकडलं. हिशेब मांडायला बसलं तर उचापतींची संख्या दोन्हीकडे फार वेगळी नव्हती. दांडगे हात जास्त उगारत हे खरं, पण दारू पिऊन भरधाव गाडी चालवणारे संतही कुणाचा तरी जीव घेऊ शकले असते. फरक दुसरीकडेच होता. संतांकडे गाड्या असल्यामुळे त्यांचे उद्योग शेजारच्या मोठ्या शहरात, ओळखीच्या नजरांपासून लांब चालत. पोलिसाने हटकलंच तर ते मान खाली घालून माफी मागत. दांडगे चौकात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि पोलिसाला उलट उत्तर देणार. गावाने दोघांबद्दलचं मत केव्हाच पक्कं करून टाकलं होतं: संतांची ती ‘वयातली मस्ती’, दांडग्यांचे ते ‘गुन्हे’.

पुढे काय झालं? संतांपैकी बहुतेक जण कॉलेजात गेले आणि चांगल्या पेशांत स्थिरावले. दांडग्यांपैकी दोघांना खेळाच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळाली आणि त्यांची आयुष्यं मार्गी लागली. दोघे वेगवेगळ्या खुनांत तुरुंगात गेले. गावाने म्हणायला सुरुवात केली, ‘बघा, आम्ही तेव्हाच सांगत होतो.’

गुन्हेगारीशास्त्रातली लेबलिंग थिअरी, म्हणजे शिक्क्याचा सिद्धांत, नेमका या ‘आम्ही तेव्हाच सांगत होतो’ वर बोट ठेवते. ती विचारते, तुम्ही सांगत होतात म्हणून तर तसं झालं नाही ना?

या सिद्धांताच्या मुळाशी असलेला माणूस स्वतः तुरुंगात जाऊन आलेला होता, हे समजून घेण्याजोगं आहे. फ्रँक टॅननबाऊम. 1914 च्या कडाक्याच्या थंडीत न्यूयॉर्कमधल्या बेकार, बेघर माणसांना घेऊन तो चर्चमध्ये आसरा मागायला शिरला आणि त्याबद्दल त्याला शिक्षा झाली. पुढे तो प्राध्यापक झाला. 1938 च्या त्याच्या पुस्तकातलं म्हणणं थोडक्यात असं: पोराच्या खोडीला आधी खोडी म्हणतात, मग पोरालाच वाईट म्हणू लागतात. पकडणं, दटावणं, नोंद करणं, सगळ्यांसमोर उभं करणं या साऱ्याचा मिळून एक सोहळा होतो आणि तो संपेपर्यंत पोराला आपली नवी ओळख पाठ झालेली असते. एडविन लेमर्टने 1951 मध्ये याला आणखी धार आणली. पहिला गुन्हा कशानेही घडतो: भूक, राग, संगत, निव्वळ गंमत. त्याने माणूस आपोआप गुन्हेगार बनत नाही. पण पकडला गेल्यावर त्याच्याशी लोकांचं वागणं बदलतं, त्या वागण्याशी जुळवून घेताना तो जे पुढचे गुन्हे करतो ते वेगळ्या जातीचे असतात. ते शिक्क्यातून जन्मतात.

हॉवर्ड बेकरचं पुस्तक 1963 चं. बेकर शिकागोच्या बारमध्ये रात्री पियानो वाजवायचा आणि दिवसा समाजशास्त्र शिकायचा, त्यामुळे जॅझवाले आणि गांजा ओढणारे त्याला आतून माहीत होते. त्याचा मुद्दा सगळ्यांत धीट होता. कुठलीही कृती मुळातच विकृत नसते, ज्यांच्या हाती नियम करण्याची सत्ता असते ते ती तशी ठरवतात. उदाहरण त्याने गांजाचंच दिलं. अमेरिकेत 1937 साली केंद्रीय कायदा झाला आणि त्याच्या मागे अंमली पदार्थ खात्याने स्वतःहून चालवलेली मोहीम होती. कायदा आल्यावर कालपर्यंत नुसते वाया गेलेले म्हणून ओळखले जाणारे लोक गुन्हेगार ठरले. त्याच वर्षी अर्व्हिंग गॉफमनचं कलंकावरचं पुस्तक आलं आणि लागलेला डाग लपवत जगणं ही किती थकवणारी कसरत आहे, ते त्याने तपशिलात दाखवलं.

अमेरिकेतले हे विद्वान साठच्या दशकापर्यंत जे सिद्ध करू पाहत होते, त्याचा प्रचंड प्रयोग हिंदुस्थानात तोवर होऊनही गेला होता. प्रयोग करणारं सरकार होतं, आणि प्रयोग लाखो माणसांवर झाला.

1871 चा गुन्हेगार जमाती कायदा हा जगाच्या कायद्यांच्या इतिहासातला विलक्षण दस्तऐवज आहे. त्यामागचं तर्कट साधं होतं. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार, विणकराचा मुलगा विणकर. मग चोराचा मुलगा चोर असणारच. 1857 च्या उठावाने हादरलेल्या राजवटीला फिरती, मोजता न येणारी, कर न भरणारी माणसं तशीही नको होती. कायद्याने स्थानिक सरकारला एखादी अख्खी जमात ‘गुन्हेगार’ जाहीर करण्याचा अधिकार दिला. एकदा जाहीर झालं की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नव्हती. नाव रजिस्टरात चढवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. गुन्हा कुणी केला, केला की नाही, हा प्रश्नच उरला नाही. जन्म हाच पुरावा झाला.

सुरुवातीला उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा 1911 मध्ये सगळीकडे लागू करण्याची सोय झाली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. आता बोटांचे ठसे घेणंही कायद्यात बसलं. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची तरतूद त्याआधीच झालेली होती. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर अशा ठिकाणी ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. सोलापुरातली सेटलमेंट अशी होती. तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, ठरलेल्या वेळी हजेरी, आणि मधल्या वेळात गिरणीत काम. सुधारणेचं नाव होतं, पण कापड गिरण्यांना हक्काचे मजूर मिळाले ही त्यातली न बोललेली सोय. कुंपण जाऊन कित्येक दशकं झाली, तरी सोलापूरकर त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात.

यादीत कोण होतं ते पाहिलं की प्रयोगाचा खरा चेहरा दिसतो. रामोशी हे गडांचे आणि गावांचे राखणदार. पेशवाई गेली, किल्ल्यांवरची चाकरी गेली, वतनं आटली. त्याविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांना 1832 मध्ये पुण्यात फाशी झाली. पुढे त्यांच्या समाजाची नोंद गुन्हेगारांत. बंजारा बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ देशभर वाहून नेत. मिठावर सरकारचा मक्ता आला, मग आगगाडी आली, धंदा बुडाला. पारध्यांच्या पोटाचं साधन जंगल. जंगल कायद्यांनी ते तोडलं. वडार दगड फोडत, कैकाडी टोपल्या विणत. आधी पोटापाण्याची वाट बंद झाली आणि त्यानंतर शिक्का आला, हा क्रम विसरता कामा नये. ज्यांच्या हातचं काम सरकारनेच काढून घेतलं, त्यांना सरकारनेच उपजत चोर ठरवलं.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने 1949 मध्ये आणि देशाने 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द केला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. त्यांच्यातली अनेक कुटुंबं 15 ऑगस्टइतकाच 31 ऑगस्टही स्वातंत्र्यदिन मानतात. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत 14 समाज आहेत आणि त्यांना 3 टक्के आरक्षण आहे. कागदावर शिक्का पुसला गेला. पण त्याच सुमारास राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा. भाषा बदलली होती, आता जमातीऐवजी व्यक्तीची नोंद होणार होती. नोंद करणारं ठाणं तेच होतं, अंमलदार तेच होते आणि त्यांच्या डोक्यातली यादीही तीच होती.

पुढचा भाग लक्ष्मण गायकवाडांनी ‘उचल्या’मध्ये लिहून ठेवला आहे. 1987 साली आलेल्या या आत्मकथनाला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या घरात चोरी हे पोट भरण्याचं शिक्षण होतं, त्या घरातल्या मुलाने शाळेत जाणं म्हणजे काय, पोलीस केव्हाही घरात घुसणं म्हणजे काय, हे मराठी वाचकाने त्यात पहिल्यांदाच आतून पाहिलं. त्याआधी लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने कैकाड्यांचं जगणं मांडलं होतं. समाजशास्त्राच्या कुठल्याही ग्रंथापेक्षा ही दोन पुस्तकं शिक्क्याचं काम जास्त स्पष्ट दाखवतात, असं म्हणायला हरकत नाही.

शिक्का नेमका कसा काम करतो? सिद्धांताची लोकप्रिय मांडणी मनावर भर देते: जग चोर म्हणतं, म्हणून माणूस स्वतःला चोर समजू लागतो. ते घडतंही. पण पारध्यांच्या पालावर जे घडतं ते त्याहून रोखठोक आहे. तालुक्यात कुठे चोरी झाली की गाडी आधी पालावर येते. तरुण पोरं ‘चौकशीसाठी’ उचलली जातात. सोडवायला वकील लागतो, जामीनदार लागतो. जामीनदाराला जमिनीचा उतारा लागतो आणि तो इथे कुणाकडेच नाही. घरातली शेळी विकली जाते, सावकाराचं कर्ज होतं. कामाचे दिवस कोर्टाच्या तारखांत जातात. राहण्याचा पक्का पत्ता नाही म्हणून रेशन कार्ड नाही, जुनी कागदपत्रं नाहीत म्हणून जातीचा दाखला नाही, दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. गाव शेजारी राहू देत नाही. जो मुकादम काम देणार, त्याच्याही कानावर आलेलं असतंच. इतकी दारं बंद झाल्यावर एखाद्याने जे दार उघडं आहे त्यातून आत पाऊल टाकलं, तर त्यासाठी त्याचं मन बदलायला लागत नाही. परिस्थिती पुरेशी असते.

हे अंदाजाने बोललेलं नाही, याचे पुरावे मोजून मिळालेले आहेत. फक्त बहुतेक परदेशातले. 1962 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी रिचर्ड श्वार्ट्झ आणि जेरोम स्कोलनिक यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या 100 मालकांकडे एकाच काल्पनिक मजुराचे अर्ज नेले. अर्ज चार प्रकारचे, प्रत्येक प्रकार 25 मालकांना. ज्याच्यावर कधीच खटला नव्हता त्याच्यात 9 मालकांनी रस दाखवला. मारहाणीत दोषी ठरलेल्यात फक्त एकाने. इथवर आश्चर्य नाही. पण ज्याच्यावर खटला झाला आणि जो निर्दोष सुटला, त्याच्यात फक्त 3 जणांनी रस दाखवला. निर्दोष असल्याचं न्यायाधीशाचं पत्र सोबत जोडलं, तरी आकडा 6 वर थांबला. कोर्टाने धुऊन दिलेला डागसुद्धा मालकाला दिसतच राहिला. ‘त्याच्यावर केस होती म्हणे’ हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांपासून घरभाड्यापर्यंत काय करतं, ते वेगळं सांगायला नको.

डेव्हा पेजरने 2003 मध्ये प्रसिद्ध केलेला मिलवॉकी शहरातला प्रयोग आणखी बोचरा आहे. सारख्या शिक्षणाची, सारखं बोलणारी तरुण मुलं नोकऱ्या मागायला पाठवली. काहींच्या अर्जात तुरुंगवासाची नोंद होती, काहींच्या नव्हती. नोंद नसलेल्या गोऱ्या मुलांना 34 टक्के ठिकाणांहून पुन्हा बोलावणं आलं, नोंद असलेल्या गोऱ्यांना 17 टक्के. नोंद असलेल्या काळ्या मुलांना 5 टक्के. आणि कोरी पाटी असलेल्या काळ्या मुलांना? 14 टक्के, म्हणजे तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्यापेक्षाही कमी. जन्माने लागलेला शिक्का कर्माने लागलेल्या शिक्क्याइतकाच, किंबहुना थोडा जास्तच, भारी ठरला. 1871 च्या कायद्याची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला हा आकडा नवा वाटणार नाही.

नोकरी नाकारणं वेगळं आणि त्यामुळे पुन्हा गुन्हा होणं वेगळं, असा आक्षेप कुणी घेईल. त्याला फ्लोरिडाने उत्तर दिलं. तिथल्या कायद्यात एक चमत्कारिक सवलत आहे. गुन्हा सिद्ध झाला तरी न्यायाधीश ‘दोषी’ हा अधिकृत ठपका रोखून धरू शकतो. माणसावर देखरेख तीच राहते, पण आपण कधी दोषी ठरलो नाही, असं तो कायद्याने सांगू शकतो. टेड चिरिकोस आणि सहकाऱ्यांनी अशा 95,919 जणांची तुलना केली. ठपका ठेवला गेलेल्यांचं पुढच्या दोन वर्षांत पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण जास्त निघालं. अल्पवयीन मुलांबद्दलही हाच कल दिसला. 29 प्रयोगांचा आणि 7,304 मुलांचा एकत्रित आढावा 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. कोर्टाच्या रीतसर प्रक्रियेतून नेल्याने मुलांचे पुढचे गुन्हे कमी झाले नाहीत, उलट थोडे वाढल्याचंच दिसलं.

तरीही सिद्धांताला डोक्यावर घेऊन नाचण्यात अर्थ नाही. त्याची सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे पहिल्या गुन्ह्याबद्दल तो जवळजवळ गप्प बसतो. खून, बलात्कार, लहान मुलांवरचे अत्याचार यांना ‘सत्तेने ठरवलेली विकृती’ म्हणणं हा क्रूर विनोद होईल. बळी पडलेल्याला शिक्का लागण्याआधीच इजा झालेली असते. बेकरच्या काही उत्साही चाहत्यांनी गुन्हेगाराला नायक करून टाकलं, त्याचा सिद्धांताला तोटाच झाला. आणि कुठलाही शिक्का सगळ्यांवर सारखा चालत नाही. ज्या बंजारा समाजावर हा डाग होता, त्यातून आलेले वसंतराव नाईक 1963 पासून अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. वडारांवरही तोच शिक्का होता, पण त्यांनी फोडलेल्या खडीवर महाराष्ट्राचे रस्ते उभे आहेत. जिथे हाताला काम, थोडी जमीन किंवा राजकीय बळ आलं तिथे शिक्का फिकट झाला. पारध्यांच्या वाट्याला यांतलं फारसं काही आलं नाही. शिक्का एकटा काही करत नाही. तो दारिद्र्याच्या खांद्यावर बसून काम करतो.

उलट प्रयोगही आपल्याकडेच झालेला आहे. औंध संस्थानात 1939 च्या सुमारास राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची उघडी वसाहत सुरू झाली. भिंत नाही, बेड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे शेती करत आणि बायकामुलांसह राहत. त्याच भागात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली, व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला, आणि सिनेमा बर्लिनपर्यंत गाजला. सिनेमाचं नाव सगळ्यांना माहीत, वसाहतीचं मात्र सांगली जिल्ह्याबाहेर फार थोड्यांना.

ऑस्ट्रेलियन विद्वान जॉन ब्रेथवेट याने 1989 मध्ये मांडलेली कल्पना याच्याशी जुळते. लाज वाटायला लावणं वाईट नाही, पण लाज दोन प्रकारची असते. एक कृत्याला वाईट म्हणते आणि माणसाला परत घरात घेते. दुसरी माणसालाच कायमचं बाहेर काढते. आपल्या कायद्यांतही पहिल्या प्रकाराच्या खुणा आहेत. 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या माणसाला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याने मुलांबाबत कलंक लावणारे शब्द वापरायला मनाई केली आणि त्यांची ओळख उघड करणं गुन्हा ठरवला. वर्तमानपत्रांत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ हा लांबलचक शब्दप्रयोग दिसतो तो त्यामुळेच.

कायदा मऊ झाला, तरी पालावर येणारी गाडी बंद झाली नाही. 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा खेडिया शबर समाजाचा तरुण कोठडीत मेला. लेखिका महाश्वेतादेवींनी ते प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत नेलं आणि त्यातूनच महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी देशपातळीवरचा गट उभा केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2000 मध्ये सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये तेच सांगितलं. बाळकृष्ण रेणके आणि नंतर भिकू इदाते यांचे आयोग नेमले गेले आणि त्यांचे अहवालही आले.

सर्वोच्च न्यायालयाने या शिक्क्यावर बोलायला 2024 उजाडलं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांमधल्या जातिभेदावर बातमी केली आणि मग स्वतःच याचिका केली. 3 ऑक्टोबरच्या निकालात न्यायालयाने अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांतले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींच्या माणसांना जन्मावरून ‘सराईत’ समजण्याची मुभा देणारे नियमही त्यात होते. राज्यांना नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले गेले, आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला.